मेलीची नाडी

बेंबळीच्या मारुतीसमोर सगळं गाव दाटीवाटीनं बसलं होतं. पारावर घोंगडी पांघरून नाडीबाबा डोळे मिटून बसला होता. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या, आणि नेमका तेव्हाच हा इसम गावात उगवला. बायका पायातले वाळे काढून त्याच्या झोळीत टाकत होत्या.

सकाळी त्यानं तरण्या पोरींना सावलीत बसवून, गोड बोलत, एकेकीची नाडी पाहिली होती. आशीर्वाद देतोय, असंच सगळ्यांना वाटलं. आता त्यानं डोळे उघडले आणि सरुबाईच्या अयोध्येकडे बोट केलं.

"हिची नाडी लई संथ हाय. मेलीची नाडी! देवळामागच्या आडात बुडून मेलेली बाई हिच्यात बसलीय अन् गावचं पाणी पितीय. हिला रातभर त्याच आडात सोडा. मेली तिथंच उतरंल, मग पाऊस यील."

मी गावच्या शाळेत शिकवायची; अयोध्या माझ्या खो-खोच्या संघातली. रोज सकाळी मी पोरींना तळ्याच्या बांधावरून पळवायची, आणि पळून पोरींची ओटी, म्हणजे गर्भपिशवी, सरकते म्हणून बायका मला नावं ठेवायच्या. आता त्या भीतीला आयतं भूत मिळालं. सरुबाई पुढं आली. आपल्या पोरीपायी गाव तहानेनं मरेल, या धास्तीनं तिचं भानच सुटलं होतं. तिनं स्वतःच्या हातानं लेकीच्या कमरेला दोर बांधला.

मीही घाबरले होते. भुताला नाही, त्या गप्प बसलेल्या माणसांना.

मी अयोध्येचं मनगट धरलं. नाडी भीतीनं धाडधाड उडत होती. गावचे जाणते तात्याराव शेजारीच उभे होते. मी म्हटलं, तुम्हीच हात लावून बघा, मेलीची नाडी अशी पळते का?

बाबा हसला. मेलीला घटकाभर मीच माझ्या अंगात ओढून घेतलंय, म्हणाला, आणि त्यानं उजवा हात पुढं केला. "बघा, माजी नाडी थांबलीय. बिगीनं करा, न्हायतर ती परत पोरीत शिरंल."

तात्यारावांनी मनगट चाचपलं, पुन्हा चाचपलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ठोका खरंच नव्हता. बायकांनी हंबरडा फोडला. दोघा गड्यांनी दोराचं टोक उचललं. अयोध्या माझा पदर घट्ट धरून म्हणाली, "बाई, आडात नगं."

तेवढ्यात माझी नजर बाबाच्या गळ्यावर गेली. तिथली शीर चांगली उडत होती. मनगटात मेलेला माणूस गळ्यात जिवंत कसा? आणि एवढ्या उन्हात घोंगडी कशाला?

"तात्याराव, त्यांचा हात वर करा," मी म्हटलं.

बाबा मंत्र पुटपुटत अंग चोरू लागला. तात्यारावांनी हात उचलला, तसं घोंगडीतून एक मोठं लिंबू घरंगळत पारावर आलं. मी सांगितलं, काखेत असं काही गच्च दाबलं की हाताकडं जाणारी रक्ताची नळी चेपते आणि मनगटातला ठोका लागत नाही. तात्यारावांनी तेच लिंबू आपल्या काखेत दाबून पाहिलं. त्यांचीही नाडी गेली, आणि लिंबू काढताच परत आली. तोवर बाबा झोळी टाकून पसार झाला होता.

"मंग सकाळी पोरीची नाडी संथ का व्हती?" सरुबाईनं विचारलं. तिची धास्ती अजून गेली नव्हती.

"दमदार बैल चढावर धापा टाकतो का? रोज पळून हिचं काळीज बळकट झालंय. एका ठोक्यात ते जास्त रक्त ढकलतं, म्हणून निवांत बसल्यावर त्याला कमी ठोके पुरतात. ओटीबिटी काही सरकत नाही. उलट दम वाढतो, झोप लागते, अंग काटक होतं."

सरुबाई दोर सोडायला बसली, पण तिनंच आवळलेली गाठ तिला सुटेना. शेवटी अयोध्येनंच गाठ सोडली.

आडात खरंच काय आहे ते बघायला तात्यारावांनी तोच दोर कंदिलाला बांधून आत सोडला. आम्ही सगळे कठड्यावर वाकलो. कंदील अर्ध्यावर गेला आणि विझला. पेटवून पुन्हा सोडला, पुन्हा तिथंच विझला. आत खराब हवा कोंडली होती; जिथं ज्योत जगत नाही तिथं माणूसही जगत नाही, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

गावकऱ्यांनो, भीती वाटली तर वाटू द्या, पण दोर उचलण्याआधी एकदा हात लावून तपासा. त्या दिवशी आपण तपासलं नसतं, तर दुसऱ्या सकाळी अयोध्येची नाडी खरोखरच थांबलेली असती, आणि ती मेलीचीच होती, बाबा खरा निघाला म्हणून आपणच त्याच्या पाया पडलो असतो.