गावगंधमधली आगोट

नवी मुंबईत, शिरवण्यातलं आमचं घर पाडून तिथे पाच मजली इमारत उभी राहिली आणि माझं अंगण गेलं. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, सोलर आणि भाडेकरूंच्या चादरी. जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, सुकवायला हातभर जागा नाही. पावसाळ्याचे चार महिने पुरेल एवढी सुकी मासळी आणि मसाला आधीच भरून ठेवायचा, याला आम्ही आगोट म्हणतो. सासूबाई, पुतळाबाई, होत्या तोवर आगोट घरीच व्हायची. त्या गेल्यावर मी सुकवलेला जवळा, म्हणजे सुकट, बाजारातून आणू लागले, तीही वाळू मिसळलेली. आमच्या घरात बाजारची सुकट! मला त्याची लाज वाटायची.

म्हणून आमचे हरेशशेठ, म्हणजे माझे यजमान, "शहरान काय ठेवलंय? आपन गावान जाऊ," म्हणाले तेव्हा मी एकच अट घातली. अंगण पाहिजे, आगोट घरी करीन.

"टेन्शन नको घेऊ गो," ते म्हणाले. "अख्खा गाव देतो तुला सुकवायला!"

गाव म्हणजे पेणच्या पुढचं सावरोशी. बाजारपेठ एवढीशी, की या टोकाला शिंकलं तर त्या टोकाला ऐकू यावं. पण आम्ही गावात राहायला गेलोच नाही. गावाला भिंत घालून अलीकडे वसवलेल्या 'गावगंध' नावाच्या सोसायटीत गेलो. गेटवर रंगवलेलं बैलगाडीचं चाक, दारोदारी फायबरचं तुळशीवृंदावन, आणि क्लबहाऊसमध्ये एक चूल, फोटो काढण्यापुरती. सगळे शहराला कंटाळून आलेले. आल्यावर ते गावाला कंटाळले. कोंबडा फार लवकर आरवतो, म्हणून एकाने ग्रामपंचायतीत तक्रार केली. गाईंच्या गळ्यातल्या घंटा जरा हळू वाजाव्यात, असं एका बाईंचं म्हणणं होतं.

अशा या मंडळींनी हरेशशेठना चेअरमन केलं. शिरवण्यात भजनी मंडळाने ज्यांच्या हातात कधी टाळ दिला नाही, ते इथे 'चेअरमनसाहेब' झाले आणि चालसुद्धा बदलून चालू लागले.

मे महिन्यात मी जवळा घेतला. भिंतीपलीकडच्या मुक्ताबाई बाजारात मासळी विकायच्या, त्यांच्याकडूनच. अंगणातल्या पेव्हर ब्लॉकवर जुनी लुगडी अंथरून पसरला. सासूबाई पसरायच्या तसाच, पातळ. किती वर्षांनी हाताला तो वास लागला! मी खूश होते.

संध्याकाळच्या आत मीटिंग. खारघरहून आलेले राजवर्धनसाहेब नाकाला रुमाल लावून बोलले, "चेअरमनसाहेब, पर्सनल काही नाही. पण लोक इथे फ्रेश हवेसाठी आलेत."

सगळ्यांनी हरेशशेठकडे पाहिलं. मीही पाहिलं. सुकटीशिवाय ज्याच्या घशाखाली भाकरी उतरत नाही, तो हा माणूस. त्याने घसा साफ केला.

"पॉइंट बरोबर आहे," ते म्हणाले. 'हाय' नाही, 'आहे'.

घरी येऊन त्यांनी स्वतःच्या हाताने तो अजून ओलसर असलेला सगळा जवळा काळ्या पिशवीत भरला आणि कचऱ्यात टाकला. त्या दिवशी मी रडले.

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाईंकडे गेले. सगळं ऐकून त्या हसल्या. "वास सोसत नाय तं गावान आले कशाला? आन बाय, माझे खल्यान टाक."

त्यांच्याकडूनच परत जवळा घेतला आणि शेणाने सारवलेल्या त्यांच्या खळ्यावर आम्ही दोघींनी मिळून सुकवला. माझी आगोट झाली. डबे मी तिथेच ठेवले, घरात एक बोंबील आणला नाही. चेअरमनच्या घराने नियम पाळायला नकोत? घरात दुधी, पडवळ, परत दुधी.

हरेशशेठनी आठवडाभर कसाबसा तग धरला. मग एका दुपारी मवाळ आवाजात म्हणाले, "जराशी सुकट नाय का गो?"

"हाय ना, मुक्ताबाईंकडं. ताट घेऊन जावा. पन येताना गेटातनं या, नि झाकायचं नाय."

ते गेले. खरं सांगते, माझं मन विरघळलं. वाटलं, हे उघडं ताट घेऊन सोसायटीतून चालत आले, तर ती काळी पिशवीसुद्धा मी विसरेन. मी दारात उभी राहिले.

ते आले. मुक्ताबाईंनी कांद्यावर परतून दिलेली गरम सुकट, वास त्यांच्या चार पावलं पुढे. आमच्या फाटकाशीच राजवर्धनसाहेब भेटले.

"चेअरमनसाहेब, हे काय?"

"कुत्र्यासाठी," हरेशशेठ म्हणाले.

राजवर्धनसाहेब मान हलवत समोरच्या आपल्या घरात गेले. हरेशशेठ लगबगीने आत आले, ताट टेबलावर ठेवलं, हात धुतले. "वाढ गो भाकरी. नि खिडकी लाव आधी."

मी ताट उचललं, बाहेर नेलं आणि पेव्हर ब्लॉकवर ठेवलं. शेजारी भाकरी ठेवली.

"आपल्याकडं कुत्रा नाय," मी म्हटलं. "ज्याच्यासाठी आनलंत, त्यानं हितं बसून खावं."

ते बाहेर आले आणि आधी राजवर्धनसाहेबांच्या खिडकीकडे पाहिलं. पडदा ओढलेला होता. तेव्हा कुठे ते खाली बसले आणि भाकरी मोडली.