सुई नसलेली वासरं

मरणाच्या आदल्या दिवशीही बाबांनी तिला ‘मॅडम’च म्हटलं.

संशोधन केंद्राच्या गोठ्यात ते कंत्राटावर वासरं सांभाळत. ती तिथेच शास्त्रज्ञ म्हणून लागली, तेव्हा तिनेच बजावलं होतं, “बाबा, नातं कुणाला कळू देऊ नका. वशिल्याने लागली म्हणतील.”

“बरं, मॅडम,” ते हसले होते. दोन वर्षं गोठ्यात त्यांची जीभ एकदाही घसरली नाही.

त्या दिवशी वजनं होती. बारा वासरं. आतड्यांनी दुधातलं सत्त्व जास्त शोषून घ्यावं म्हणून सहांना संप्रेरकाची सुई. उरलेली सहा तुलनेसाठी, बिनसुईची. पण तीही सुईवाल्यांइतकीच भरली होती.

“यांना जास्तीचं काय पाजलंत?”

“एक थेंब नाही. माप तेच. फक्त दोनदाऐवजी पाचदा दिलं, कोमट करून, बोट चोखायला देत देत. सावकाश प्यायलं की अंगी लागतं.”

“आणि सुईवाल्यांना?”

“त्यांना सुई आहे की. यांना कोण आहे?”

तिच्या डोक्यात तिडीक गेली. “दोन महिन्यांच्या कामावर पाणी फिरवलंत! अक्कल गहाण ठेवली होती का?”

गोठ्यात तिसरं कुणी नव्हतं. तरी ते मान खाली घालून म्हणाले, “चुकलं, मॅडम.”

पहाटे ते झोपेतच गेले. रजेच्या अर्जावर तिने ‘घरगुती कारण’ एवढंच लिहिलं. ती परतली तेव्हा कंत्राटदाराने दुसरा माणूस पाठवला होता. तो बादली वासरापुढे आदळायचा आणि विडी ओढायला बाहेर जायचा.

बैठकीत संचालकांनी वजनांचा तक्ता पुढे ओढला. “सुईचा उपयोग शून्य दिसतोय.”

“तसं म्हणता येणार नाही, सर. तुलनेच्या वासरांना वेगळ्या तऱ्हेने दूध पाजलं गेलं. प्रयोग पुन्हा करावा लागेल.”

“पाजलं कुणी? तो म्हातारा? वारला ना तो?” संचालकांनी कपाळाला हात लावला. “अडाण्याच्या हाती काम दिलं की असा बट्ट्याबोळ होतो. लिहा अहवालात, कामगाराची चूक. कोण होता तो?”

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

“बाबा,” ती म्हणाली. “माझे बाबा होते ते.”