आजचा पेपर

“हे काय आहे?” बोकील साहेबांनी वही उघडून जोतीरामच्या समोर धरली.

“वाचकांची हजेरी हाय, साहेब.” जोतीराम पलटणीत उभा राहायचा तसा ताठ उभा होता.

“ते वर लिहिलंय. सह्या कुठं आहेत?”

सह्या कुठल्या असायला! पानभर अंगठे होते. निळ्या शाईचे, एकूण बेचाळीस. काही सरळ, काही तिरपे, काही घाईत फरफटलेले, आणि हळदीच्या बाजारातली माणसं म्हटल्यावर जवळजवळ प्रत्येकाला पिवळी कड. शेजारी जोतीरामच्या ठसठशीत अक्षरात नाव आणि नावापुढं ‘निशाणी अंगठा’. साहेबांनी पान उलटलं. पुढंही तेच, त्याच्या पुढंही तेच. बोकील साहेब नगरपालिकेचे निरीक्षक. वीस वर्षं त्यांनी शाळा तपासल्या, बालवाड्या तपासल्या, शिवणवर्ग तपासले. पण वाचनालयाच्या वाचकांनी अंगठे उठवलेले त्यांनी जन्मात बघितले नव्हते.

तालमीच्या ओट्यावर सगळी हमाल गल्ली श्वास रोखून बसली होती.

आता ही भानगड झाली कशी, ते सांगायला हवं. सांगलीच्या हळद बाजाराच्या मागं ही गल्ली. गडी पोती उचलायचे, बाया हळद निवडायच्या. चाळीसएक घरं, आणि सगळ्या गल्लीत नीट वाचता येणारा माणूस एकच, तो म्हणजे जोतीराम. पोरं शाळेत जायची, पण त्याची लेक सोडली तर सगळी बाराखडीच्या अलीकडं-पलीकडं. जोतीराम पलटणीत लिहायला-वाचायला शिकला. गुडघा दुखावला तसा घरी आला आणि एका आडतदाराच्या गुदामावर राखणदार म्हणून लागला. त्या पेढीवर रोज पेपर यायचा. शेठचा वाचून झाला, मुनीमजींचा झाला, आल्या-गेल्याचा झाला, की दुसऱ्या दिवशी तो रद्दीत पडायच्या आधी जोतीराम मागून घ्यायचा. संध्याकाळी पोती वाहून अंग मोडलेली माणसं ओट्यावर टेकली, की तो त्यांना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवायचा. आवाज म्हणाल तर परेडच्या मैदानावर कमावलेला. हळदीचे भाव त्यानं वाचले की शेजारच्या गल्लीत चहा पिणाऱ्यालाही कळायचे.

अकरा वर्षं हा नेम चालला. पण एक गोष्ट जोतीराम कधी वाचायचा नाही. तारीख. पेपर कालचा असायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो वाचायचा नाही आणि कुणी विचारायचं नाही. दुसऱ्याच्या घरची शिळी भाकरी पोरांना वाढताना आई जसं कुठनं आली ते सांगत नाही, तसंच ते.

याचं त्याला फार वाईट वाटायचं अशातला भाग नव्हता. माणूस सवयीचा गुलाम. पण त्या चौऱ्याहत्तर साली त्याची लेक अंजना मॅट्रिकला बसली होती. गल्लीतली पहिली पोरगी. जूनमध्ये निकालाचे नंबर पेपरात यायचे होते. जोतीराम पहाटेच स्टँडवर गेला, तर पेपर कधीच संपलेले. पेढीवर गेला. मुनीमजी म्हणाले, “शेठचं वाचून होऊ दे की. रोजच्यासारखा उद्या ने.” माणूस वाईट नव्हता, त्याला काय माहीत! जोतीरामच्या तोंडून ‘माझ्या पोरीचा निकाल हाय’ एवढं निघालं नाही. कुणाकडं मागायची वेळ आली की त्याची जीभच जड व्हायची. सांगलीभर पेढे वाटले जात होते आणि अंजना दिवसभर उंबऱ्यावर बसून होती. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेपर हातात आला. नंबर होता! चांगली पास झाली होती पोरगी. गल्लीनं तिला डोक्यावर घेतलं, पण ती एवढंच म्हणाली, “बापू, माझ्याबरोबरच्या पोरी कालच आनंदानं हसल्या असतील.”

ते वाक्य जोतीरामच्या काळजात रुतलं ते रुतलंच.

पुढं नगरपालिकेनं ठराव केला, की ज्या गल्लीच्या मंडळाकडं स्वतःची जागा आणि रोजचे पंचवीस वाचक असतील, त्या मंडळाच्या वाचनालयाला मदत द्यायची. एक कपाट, विजेचा दिवा, थोडी पुस्तकं आणि रोज सकाळी घरपोच ताजा पेपर. ताजा! जोतीरामनं ते पत्रक तीनदा वाचलं. अंजना नर्सिंग शिकायला मिरजेला निघाली होती, तिनं जायच्या आदल्या दिवशी अर्ज लिहून दिला. जागा होती, तालमीची खोली. राहिली ती महिनाभराची हजेरी आणि त्यावर वाचकांच्या सह्या.

“त्यात काय!” मंडळाचा अध्यक्ष नाथाजी म्हणाला. नाथाजी गडी मोठा हिकमती. दोन-दोन पोती एका दमात उचलायचा आणि तेवढ्याच दमात थापही मारायचा. “आवं बापू, मला माझं नाव लिवता येतंय, तुमाला येतंय. तुमी उजव्या हातानं करा, मी डाव्या हातानं करतो. पाच-पाच तऱ्हेच्या सह्या. कोन बघाय येतंय?”

“आन् बगाय आलं तर?”

“तर आलं!”

“न्हाई नाथा. सही म्हंजी काय पोरखेळ हाय व्हय रं? जो बसतोय त्याचीच निशाणी पायजे. अंगठा तर अंगठा.”

“बापू, वाचनालयाला अंगठा? नगरपालिका हसंल!”

“हसू दे की. चोर तर म्हनायची न्हाई!”

नाथाजीनं कपाळावर हात मारला. “तुमच्या या खरेपणापायी हातातला पेपर जाणार, ध्यानात ठेवा,” म्हणाला. पण जोतीरामपुढं गल्लीत कुणाचं चालायचं नाही. रोज संध्याकाळी वाचन झालं की वही निघायची, शाईची डबी निघायची आणि सही येणारे जोतीराम-नाथाजी धरून बेचाळीस माणसं रांगेत उभी राहून अंगठा उठवून घरी जायची. म्हातारी हरणाबाई तर लुगड्याला अंगठा पुसत ऐटीत सांगायची, “आलो बाई वाचून!”

तर असे ते अंगठे, आणि ते आता बोकील साहेबांच्या पुढ्यात.

“यातल्या किती जणांना वाचता येतं?” साहेबांनी विचारलं.

नाथाजीनं जोतीरामला कोपरानं ढोसलं. जोतीराम बोलला ते खरंच बोलला. “वाचाय मला एकट्याला येतंय साहेब. बाकीची ऐकत्यात.”

“मग वाचक एक झाला. नियमात पंचवीस लिहिलेत.”

अकरा वर्षांचा सगळा उद्योग एका आकड्यात बसला होता, आणि आकडा होता एक. त्याच्या डोळ्यांपुढं उंबऱ्यावर बसलेली अंजना आली.

तेवढ्यात मागून हरणाबाई उठली. साठीची बाई, बोटं हळद निवडून निवडून पिवळी पडलेली. “आवं साहेब, भाकरी एकजण थापतंय. मग जेवणारा बी एकच म्हनायचा व्हय?”

बाया हसल्या. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी वही मिटली आणि ओट्यावरच बैठक मारली. “बरं. जेवलात ना? मग काय जेवलात ते सांगा. नळाच्या पाण्याची वेळ बदलली, ती पेपरात आली होती. कुणाला माहीत आहे?”

“सकाळी सहाला,” नाथाजी म्हणाला.

“गप रं!” हरणाबाई त्याच्यावर खेकसली. “साडेपाचला. सहाची पयली व्हती. नगरपालिकेचीच जाहीर नोटीस, शेवटच्या पानावर, खालच्या अंगाला.”

साहेब दचकलेच. त्यांच्या स्वतःच्या ध्यानात सहाच होतं. त्यांनी कोपऱ्यातला पेपरांचा गठ्ठा ओढला आणि विचारायला सुरुवात केली. उन्हाळ्यात रेल्वेचा संप किती दिवस चालला, त्यावर बिराप्पा आणि गुंडा या दोन हमालांचंच जुंपलं. बिराप्पाचा भाऊ रेल्वेत, तो ऐकतोय कुठला! कोयनेचं धरण किती भरलं, राजापुरी हळदीला काय भाव निघाला, कुठल्या देशातला राजा पळाला, शाळेची पुस्तकं का मिळत नाहीत. एकानं सुरू करावं, दुसऱ्यानं पुरं करावं. हळद निवडणाऱ्या सुलाबाईनं तर एका लग्नातल्या चोरीची बातमी अशी सांगितली, की जणू हार तिनंच घातला होता आणि तिचाच गेला. साहेब पानावर बोट ठेवून पडताळत होते. शब्द इकडचा तिकडं होत होता, पण मजकूर चुकत नव्हता.

“सगळं माहीत आहे तुम्हाला,” साहेब शेवटी म्हणाले.

“म्हाईत हाय,” हरणाबाई म्हणाली, “पर उशिरा. ते पाणी साडेपाचला सुटलं त्या दिवशी आमी सहाला घागरी घिऊन गेलो. नळ कोरडा. नोटीस आमाला सांजच्याला कळली.”

“उशिरा का?”

साहेबांनी हातातल्या पेपरवरची तारीख बघितली आणि जोतीरामकडं बघितलं. जोतीराम मान खाली घालून उभा होता. पलटणीतून आल्यापासून त्याची मान कुणी अशी खाली बघितली नव्हती.

“पेढीवरचा हाय साहेब,” तो म्हणाला. “त्यांचं वाचून झालं की देत्यात. त्यांचे उपकारच हाईत. पर... ताजा न्हाई.”

बोकील साहेबांनी पेपर परत गठ्ठ्यावर ठेवला. मग म्हणाले, “आजचं वाचन झालं?”

“न्हाई, तुमी येणार म्हनून थांबलोय.”

“मग वाचा की.”

जोतीराम वाचायला बसला. पहिली बातमी त्यानं दबकत वाचली, पण दुसऱ्या बातमीला रंगात आला आणि मग काय, नेहमीसारखा दणका. साहेब पाय दुमडून ऐकत होते. मध्येच हसले, एकदा ‘अरेरे’ म्हणाले. वाचन संपलं तसे निघायला उठले, तर जोतीरामनं वही पुढं केली.

“आता काय?”

“ऐकलंत न्हवं? हजेरी, साहेब. नेम हाय.”

नाथाजीनं जीभ चावली. आता मेलो, असंच त्याला वाटलं. साहेबांनी वहीकडं बघितलं, जोतीरामकडं बघितलं, खिशातलं पेन काढलं आणि बेचाळीस अंगठ्यांच्या खाली त्रेचाळिसाव्या ओळीत सही केली.

“नियम मी बदलू शकत नाही,” ते जाताना म्हणाले. “पण काय बघितलं ते लिहू शकतो. देणं न देणं समितीच्या हातात.”

पुढचा महिना गल्लीनं कसा काढला ते विचारू नका. नाथाजी रोज एकदा म्हणायचा, “डाव्या हातानं केल्या असत्या तर!” आणि रोज एकदा जोतीरामचे डोळे बघून गप्प बसायचा. नोव्हेंबरच्या अखेरीला मंजुरी आली. पत्रात लिहिलं होतं, ‘वाचक व श्रोते मिळून त्रेचाळीस.’ साहेबांनी स्वतःलाही मोजलं होतं! जोतीरामनं पत्र मोठ्यानं वाचलं, नाथाजीनं त्याला खांद्यावर उचललं आणि पोत्यासारखं मिरवलं. “आरं, गुडघा! गुडघा माझा!” जोतीराम ओरडत होता, पण ‘खाली उतरव’ असं काही म्हणाला नाही.

एका सोमवारी हातगाडीवरनं सामान आलं. कपाट, पुस्तकं, दिव्याचं सामान. आणि त्यातनं निघाली एक पत्र्याची पाटी. हिरव्यावर पांढरी अक्षरं. नाथाजीनं एकेक अक्षर लावून वाचली, “शां-त-ता रा-खा.” आणि तोंड आंबट झालं त्याचं. “घ्या! आता काय मुक्यानं वाचायचं व्हय?”

सगळ्यांची तोंडं उतरली. नियमांच्या कागदावर आठवं कलमच होतं, ही पाटी लावलीच पाहिजे. बोलायची बंदी झाल्यावर बेचाळीस माणसांनी तिथं काय पानं हुंगायची? कुणी म्हणालं, कपाटामागं टाका. कुणी म्हणालं, साहेब आले की लावू, गेले की काढू.

“नेम म्हंजी नेम,” जोतीराम म्हणाला. “पाटी लागंल.” त्यानं कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. ‘दर्शनी भागी लावावी,’ एवढंच लिहिलं होतं. तो उठला, हातोडा घेतला, लंगडत बाहेर गेला आणि तालमीच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्याकडं तोंड करून, त्यानं ती पाटी ठोकली. बाजारात जाणारे ट्रक, बैलगाड्या, सायकली, सगळ्यांना दिसेल अशी.

संध्याकाळी गल्ली जमली. सकाळी आलेला पेपर जोतीरामनं दिवसभर उघडला नव्हता. घडी तशीच होती. त्याच्या आधी कुणी तो वाचला नव्हता, शेठनं नाही, मुनीमजींनी नाही. घडी उघडताना नवी शाई त्याच्या अंगठ्याला लागली. चष्मा पुसून त्यानं सगळ्यांवरनं एकदा नजर फिरवली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा पानाच्या अगदी वरच्या ओळीपासनं सुरुवात केली.

“आज...”

बाहेर हळदीचा ट्रक वळला आणि ड्रायव्हरनं कर्कश हॉर्न धरला. धरला तो सोडेचना. हरणाबाई पदर खोचून ताडकन उठली, रस्त्यात जाऊन उभी राहिली आणि भिंतीकडं पिवळं बोट करून गरजली, “एवढी मोठी पाटी लावलीया नगरपालिकेनं! वाचाय येत न्हाई व्हय रं तुला?”

हॉर्न थांबला. ट्रक हळूहळू पुढं गेला. हरणाबाई येऊन जागेवर बसली.

“वाचा बापू.”

“आज,” जोतीराम म्हणाला, “सोमवार, दोन डिसेंबर, एकोणीसशे चौऱ्याहत्तर.”