पाण्याचा उतार

"माझ्या विहिरीचं पाणी शेजारी पळवतात. तुझ्या त्या कॉम्प्युटरवर दाखव एकदाचं!" असं म्हणून बाबांनी महिनाभर माझं डोकं खाल्लं. नकाशे बनवणं हे माझं रोजचं काम, पण घरच्यांच्या फुकट फर्माइशी आल्या की मला चीड येते.

शेवटी रविवारी मीच गल्लीतल्या सगळ्या विहिरींत टेप सोडली. प्रत्येक ठिकाणी जमिनीच्या उंचीतून पाण्यापर्यंतची खोली वजा केली आणि आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरले. जमिनीखालच्या पाण्याचा उंचसखलपणा स्क्रीनवर उभा राहिला. सगळीकडे जवळजवळ सपाट आणि मधोमध हा एवढा खड्डा! मोजण्यात चूक झाली असेल म्हणून पुन्हा मोजून आले. आकडा तोच. चारी बाजूंचं पाणी त्या खड्ड्याकडे उतरत होतं आणि त्याच्या तळाशी होती आमचीच विहीर. तिच्यावरचा पंप बाबांच्या हिरवळीसाठी सकाळपासून धडधडत होता.

बाबा मागे येऊन उभे राहिले. "सापडला का चोर?"

"सापडला."

"मग आता त्याला सोडू नकोस!"

"नाही सोडत," म्हणत मी उठले आणि आमच्या पंपाचं बटण बंद केलं.