झारीच्या तळाशी उरलेलं

मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. मित्रांनो, माझ्याजवळ येण्याआधी माझ्या पोटात काय आहे ते ऐकून घ्या.

एका पत्रेवाल्याने मला ठोकून घडवलं आणि या घरातल्या सासूबाईंनी विकत आणलं. "गळत नाही, कुरकुरत नाही. सुनेपेक्षा गुणी आहे हो माझी झारी!" असं त्या येईल त्याला सांगायच्या. सून शिवणयंत्रावर बसल्या बसल्या सगळ्यांत मोठ्याने हसायची. ते दिवस आठवले की अजून जीव सुखावतो.

सासूबाईंनी माहेरून आणलेला गोड मका चाळीस वर्षं जपला होता. दरवर्षी एक चांगलं कणीस बियाण्याला ठेवायचं, हा त्यांचा नेम. पण गेल्या वर्षी डब्यात किडे पडले. जेमतेम चोवीस दाणे वाचले. त्यातच सासूबाईंचं एक अंग लुळं पडलं आणि त्यांची खाट खिडकीशी आली. "माहेरचं एवढंच उरलंय गं माझं," त्या सुनेला म्हणाल्या.

सुनेने चोवीसही दाणे घरात रुजवले. रोपांना पेल्याने पाणी दिलं, आठवडाभर दिवसा बाहेर, रात्री आत ठेवून वाऱ्याची सवय लावली आणि मग वाफ्यात लावलं. त्या दिवशी तिने पाणी घालायला मला उचललं, आणि मला ओरडावंसं वाटलं, 'मला नको!'

कारण आदल्या रविवारी तिच्या नवऱ्याने माझ्यात तण मारायचं औषध कालवून फरश्यांमधलं गवत जाळलं होतं. नंतर मला एकदाच विसळलं आणि म्हणाला, "झाली स्वच्छ!" कसली स्वच्छ! चाळणीच्या भोकांत, तळाच्या सांध्यात औषध तसंच चिकटलेलं होतं.

चौथ्या दिवशी पानं पिवळी पडली. शेजारचे मास्तर कुंपणावरूनच म्हणाले, "थंडी बाधली." मग म्हणाले, "पाणी कमी पडतंय." मग म्हणाले, "खत द्या, खत!" मास्तरांना विचारायचीच खोटी, सल्ला तयार. सून बिचारी सगळं करत गेली. पाणी वाढवलं, ते माझ्यातून. खत कालवलं, तेही माझ्यातच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ना, इथे तर रोगच पखालीत होता! रोज सकाळी ती मला प्रेमाने उचलायची आणि मी त्या लेकरांवर विष ओतायची. मला फार लाज वाटायची. पण झारीला कुठली आलीय जीभ?

अखेर सासूबाईंनीच खिडकीतून विचारलं, "कोपऱ्यातली तीन रोपं हिरवी कशी गं?"

"तिथवर झारी पुरत नाही, आई. त्यांना मगाने घालते."

"आण बघू ती झारी इकडे." त्यांनी मला हुंगलं आणि मुलाकडे पाहिलं. "काय घातलं होतंस रे यात?"

"धुतली होती की, आई..."

एकवीस रोपं गेली. उरलेल्या तिन्हींवर सासूबाईंनी सुनेकडून तुऱ्यातले पराग हाताने झाडून घेतले. एकच कणीस धरलं, तेही म्हाताऱ्याच्या तोंडासारखं, मध्ये मध्ये फटी. त्यात एकतीस दाणे होते. ते मुठीत धरून त्या खूप रडल्या. थंडी सरायच्या आत त्या गेल्या.

मुलाने माझ्यावर लाल रंगाने 'विष' लिहिलं आणि मला मागच्या खिळ्याला टांगलं. तेव्हापासून माझ्यात फक्त तणाचं औषध कालवतात. पण उन्हापावसाने ती अक्षरं पुसत आली आहेत. रंग पुन्हा द्यायचं उद्यावर ढकललं जातंय. परवाचंच औषध तळाशी दोन बोटं उरलंय.

आज सकाळी एकतीस रोपं वाफ्यात गेली. सून हात धुवायला आत गेली आहे. तिचा भाऊ कालच पाहुणा आला आहे, स्वभावाने मदतीला तत्पर. "ताई, तू बस, मी पाणी घालतो!" असं ओरडून तो मागे आला. त्याला काहीच ठाऊक नाही. त्याने मला खिळ्यावरून काढलं, नळाखाली धरलं. मी भरत चालले आहे.

मित्रांनो, विषाचं भांडं वेगळं ठेवा, त्यावरचं नाव पुसू देऊ नका. पण ते नंतर. तुम्हाला जीभ आहे ना? मग आत्ता त्याला हाक मारा!