सतरा स्क्रू

शेवटच्या स्टॉपवर बस रिकामी होते, तिथून पुढे ही वस्ती. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कुणी आलं तर एकानं कुणाच्या तरी दारात शिरायचं, आणि शिरलाच आहात तर पाणी पिऊन जा, असं आतून ऐकायचं. ही दारं जवळजवळ सगळी मिस्त्रीच्या हातची. शहरात कुठे इमारत पाडली की हा गडी तिथलं लाकूड उचलून आणायचा आणि इथल्या चौकटींत बसवायचा. हातात कसब, पण जिभेवर कायम ‘उद्या’.

समोरच्या शिवणवालीला तो ‘उद्या’ चार महिने पुरला होता. तिच्या दाराची वरची बिजागरी एका स्क्रूवर लटकत होती, खालची नावापुरती. दार उचलून लावायचं, उचलून उघडायचं.

“मिस्त्रीभाऊ, आता हे दार कडेवर घेऊनच फिरते मी,” ती म्हणायची. हा हसून कानाडोळा करायचा.

एका दुपारी मिस्त्रीची बायको माळ्याच्या शिडीवरून पाठीवर पडली. पाय हलेनात. ॲम्ब्युलन्स आली, पण चाकांचं लांबलचक स्ट्रेचर गल्लीच्या पहिल्याच वळणाला अडलं. नर्स धावत आत आली, पाय चाचपून म्हणाली, “सपाट फळी आणा, लवकर. पाठ वाकली तर या पुन्हा चालायच्या नाहीत.”

मिस्त्री घरभर शोधत सुटला. फळ्या सगळ्या कामावर, घरात वीतभर लाकूड नाही. तो स्वतःच्या दाराला भिडला. पण ते त्यानं अठरा स्क्रूंनी आवळलेलं, वर रंगाचे दोन हात. खाचा रंगानं भरलेल्या, पेचकस सारखा घसरत होता. जेमतेम एक स्क्रू निघाला.

“सरका,” मागून आवाज आला. शिवणवाली आपलं दार घेऊन उभी होती. एका हिसक्यात निघालं होतं. नर्सनं बायकोला त्यावर सरळ निजवून घेतलं.

बुटक्या घराचं बुटकं दार, वळणात अलगद फिरलं. पुढून शेजारचा भंगारवाला आणि त्याचा भाऊ, मागून मिस्त्री आणि शिवणवाली. वाटेतली पिंपं, बादल्या, सायकली लोक भराभर घरात ओढत होते. कुणी आरडाओरडा केला नाही, फक्त “पायरी आहे”, “डावीकडे”, एवढंच.

ऑपरेशन झालं. “वेळेत आणलंत, आणि सरळ आणलंत,” डॉक्टर म्हणाले. मिस्त्री दीड महिना बायकोजवळ दवाखान्यातच होता. दार तीन दिवसांनी परत आलं, पण दुसऱ्या कुणाकडून बसवून घ्यायला शिवणवाली तयार नव्हती. तिच्या चौकटीला चादर, आणि येताजाता अख्ख्या गल्लीचं तिच्या घरावर लक्ष. गरज सरो नि वैद्य मरो म्हणणारी माणसं ही नव्हेत.

बायको काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी घरी आली. आल्या आल्या म्हणाली, “आधी तिचं दार लावा.”

मिस्त्री नव्या बिजागऱ्या घेऊन गेला. “ताई, तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.”

“माझे कसले? तुमच्या आळसाचे माना. वेळेवर बसवलं असतंत तर वहिनींना कशावर नेलं असतं?”

मिस्त्री हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे वाहायला लागले. त्यानं ते लपवले नाहीत. “आता असं बसवतो, हत्तीनं धडक दिली तरी हलायचं नाही.”

शिवणवालीनं मशीन थांबवलं. “नको. कडी चांगली लावा. पण वेळ आली तर मला एकटीला काढता आलं पाहिजे.”

मिस्त्रीनं आणलेल्या बिजागऱ्या पुन्हा पिशवीत टाकल्या. मग त्यानं बिजागऱ्या बदलून आणल्या, आतून सळई उपसली की दार मोकळं होईल अशा. तिच्याकडून दोनदा काढून, लावून घेतलं.

घरी येऊन तो तशाच बिजागऱ्या आणि पेचकस घेऊन स्वतःच्या दारापुढे बसला. सतरा स्क्रू उरले होते.

बायको काठी टेकत आली. “आता हे काय काढलंत? दमलात. उद्या करा.”

“नाही,” मिस्त्री म्हणाला. “आजच.”