धांदलची चिठ्ठी

कवळ्या बनवण्याच्या त्या लॅबमध्ये तिला सगळे ‘धांदल’ म्हणायचे. नाव ठेवलं होतं दादांनी, तिथल्या सगळ्यात जुन्या कारागिरानं. एका पेशंटचा साचा दुसऱ्याच्या ट्रेमध्ये गेला, दातांच्या रंगाची शेड चुकली, की दादा मान वर न करता म्हणायचे, “धांदल, पुन्हा?” आणि ती ओशाळून म्हणायची, “माझंच लक्ष नसेल.” बारा वर्षं ती असंच म्हणत आली.

अडतिसाव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, हा वेंधळेपणा नाही, लक्ष न टिकण्याचा हा आजारच आहे, लहानपणापासूनचा. गोळी सुरू झाली. डोक्यातला कलकलाट शांत झाला. पण ट्रे कुठे ठेवला हे काही गोळी सांगेना.

“बाकीचं हातांना शिकवायचं,” समुपदेशक बाई म्हणाल्या. “डोक्यात काही ठेवू नका. डोळ्यांसमोर ठेवा.”

ती शिकली. टेबलावर एका वेळी एकच ट्रे. वीस मिनिटांचा गजर. साच्यावरचा नंबर मोठ्यानं वाचायचा. आणि प्रत्येक ट्रेला चिठ्ठी : कधी आला, काय केलं, कुणाकडे गेला.

“बालवाडी काढलीस का गं?” दादा हसले.

दोन महिन्यांनी एका म्हाताऱ्या बाईंची कवळी परत आली. खालचे दात दुसऱ्याच कुणाचे. बिचारी चार दिवस नुसत्या दुधावर होती.

“धांदल, पुन्हा?”

“सॉरी दादा,” तिच्या तोंडून निघूनही गेलं. मग तिनं चिठ्ठ्या चाळल्या. तो ट्रे तिच्या टेबलावर आलाच नव्हता; आणि दात बसवणारे तिच्याशिवाय फक्त दादाच.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षांत असल्या किती चुका तिनं स्वतःच्या माथी घेतल्या होत्या! पण एवढ्या एका कवळीवर ती दादांना सोडणार नव्हती.

संध्याकाळी ती लॅबच्या मालकीणबाईंकडे गेली, गरीब चेहरा करून. “माझ्या फार चुका होतात. सगळ्यांच्याच ट्रेला चिठ्ठी लावू या का? ज्यानं काम केलं त्यानं सही करायची. म्हणजे मी कुठे चुकते ते कळेल.”

मालकीणबाईंना ते लगेच पटलं.

तीन आठवड्यांत नऊ कामं परत आली. सात दादांची. तिचं एकही नाही.

दुपारी दादा तिच्या टेबलापाशी आले. आवाज अगदी खाली. “अगं, डोळे साथ देत नाहीत आता. आणखी दोन कामं बिघडलीत, त्यांच्या चिठ्ठ्या अजून कोऱ्या आहेत, तेवढ्यांवर तू सही कर ना.”

ती क्षणभर विरघळली. तेवढ्यात ते म्हणाले, “तुला कोण काय बोलणार? तुझं तर सगळ्यांना माहीतच आहे.”

तिनं पेन उचललं. “सही नाही करणार. पण तुम्ही विचारलंत ते लिहून ठेवते. माझ्या लक्षात राहत नाही ना!” आणि त्यांच्यादेखत, वेळ टाकून, फक्त सहीचं सावकाश लिहिलं. ती चिठ्ठीही इतर चिठ्ठ्यांबरोबर मालकीणबाईंच्या केबिनमध्ये गेली.

“दादांचं असं का व्हायला लागलंय?” मालकीणबाईंनी तिला विचारलं. “काही त्रास आहे का त्यांना?”

“मला काही सांगितल्याचं आठवत नाही,” ती म्हणाली.

सोमवारपासून दादा नवशिक्यांसारखे साच्यांचं प्लास्टर कालवायला बसले, अगदी कोपऱ्यातल्या टेबलावर. कीव येईल म्हणून तिनं थोडी वाट पाहिली. आली नाही. उलट त्या दिवशी तिनं डबा शेवटच्या घासापर्यंत चवीनं खाल्ला, आणि खाताना खुर्ची मुद्दाम त्यांच्याकडे तोंड करून वळवली.